अष्टमीचा चंद्र, अमावास्येचा सडा

आकाशदर्शन पौर्णिमेला ठेवा, असा आग्रह दर वर्षी कुणीतरी धरतंच. चांदणं असतं, पायाखालची वाट दिसते, मसाला दूध करता येतं. आमच्या इथल्या महाविद्यालयाच्या वेधशाळेतल्या सरांनी हे मागणं कधी मान्य केलं नाही आणि हा हिवाळा त्यांच्यासोबत काम केल्यावर मीसुद्धा त्यांच्याच बाजूने उभी राहते. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं. सावल्या नसतात. दुर्बिणीतून नुसता डोळे दिपवणारा पांढरा गोळा दिसतो आणि त्याच्या उजेडात बाकीचं आकाश पुसलं जातं. लोकांना चंद्र दाखवायचा असेल तर शुक्ल अष्टमी. त्या रात्री उजेड आणि अंधाराची सीमा चंद्राच्या ऐन मधून जाते. त्या सीमेवर सूर्य नुकता उगवत असतो, त्यामुळे प्रत्येक विवराच्या काठाची सावली लांब पडलेली असते. आणि तारे दाखवायचे असतील तर अमावास्या, तीही गावाबाहेर, कातळाच्या उघड्या सड्यावर.

मी देवगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सिंधुदुर्गातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांतल्याच एकाच्या भौतिकशास्त्र विभागाची ही छोटी वेधशाळा. मैदानाच्या टोकाला जांभ्या दगडाची खोली, वर रुळांवरून मागे सरकणारं पत्र्याचं छप्पर आणि आत आठ इंची आरशाची परावर्तक दुर्बीण. पाऊस गेला की मेपर्यंत महिन्यातल्या ठरावीक शनिवारी ती सगळ्यांसाठी खुली असते. तिकीट नाही. फोन करून नाव द्यायचं, किती माणसं आणि बरोबर लहान मुलं किती तेवढं सांगायचं. मी आधी सहावी-सातवीची मुलं घेऊन गेले. मुलं घरी परतली, पण माझं मन तिथेच राहिलं. स्वयंसेवक हवे आहेत असं कळल्यावर मी नाव दिलं.

शिकवणी सुरू झाली ती आकाशापासून नव्हे, दुपारी चार वाजल्यापासून. छप्पर सरकवायचं आणि दुर्बीण उघड्यावर ठेवून द्यायची. काचेचा आरसा दिवसभर तापलेला असतो. तो बाहेरच्या हवेइतका थंड झाला नाही तर त्याच्यावरून गरम हवा उठत राहते आणि ग्रह थरथरत दिसतो. या कामाला तासभर तरी लागतो आणि त्यात घाई चालत नाही. तोंडावरचं झाकण मात्र सूर्य पूर्ण बुडेपर्यंत काढायचं नाही. आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, पश्चिम सगळी मोकळी असते, त्यामुळे दुर्बीण सहज तिकडे वळवावीशी वाटते. दुर्बिणीतून सूर्याकडे एक क्षण पाहिलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. सर कधी आवाज चढवत नाहीत, पण ही एक गोष्ट ते दर वेळी, प्रत्येकाला, अगदी जुन्या स्वयंसेवकालाही पुन्हा सांगतात.

मग फाइंडर जुळवायचा. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर बसवलेली ही लहान दुर्बीण. दोघी एकाच जागी बघतायत याची खात्री उजेड असतानाच करून घ्यायची. त्यासाठी लांबची, न हलणारी वस्तू लागते. आम्ही देवगडचं दीपगृह वापरतो. दीपगृहाच्या माथ्यावरचा कठडा मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणायचा आणि फाइंडरचे तीन स्क्रू हळूहळू फिरवत त्याच्या फुलीवर तोच कठडा बसवायचा. मोठ्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, दीपगृह खाली डोकं वर पाय. पहिल्यांदा हात नेमका उलट्या दिशेला जातो, मग सवय होते. हे दहा मिनिटांचं काम नीट झालं तर रात्री शंभर माणसांचा वेळ वाचतो.

आकडे पाठ करावे लागले, कारण लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की ही किती मोठं करून दाखवते. आमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर, 1200 मिलिमीटर. त्याला 25 मिलिमीटरचं आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावलं की 48 पट, 10 मिलिमीटरचं लावलं की 120 पट. पण सर सांगतात, हा प्रश्न लोकांनी विचारला की उत्तर द्यायचं आणि लगेच दुसरी गोष्ट सांगायची: दुर्बिणीचं खरं काम मोठं करणं नाही, उजेड गोळा करणं आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. आठ इंचांचा आरसा तिच्या काही शेकडो पट उजेड डोळ्यात आणून टाकतो. फिकट तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा ढग, दिसतो तो या जोरावर.

27 डिसेंबर 2025 चा शनिवार हा माझा हाताने दुर्बीण सांभाळण्याचा मोठा दिवस होता. शुक्ल अष्टमी आणि नाताळची सुट्टी, त्यामुळे गर्दी होणार हे ठरलेलं. चंद्राच्या पश्चिमेला थोडं खाली शनी होता, म्हणजे एकाच भागात दोन्ही पाहुणे. संध्याकाळी बंदरावरची काही माणसं आली. त्यातले एक वयस्क मच्छीमार काका चंद्राकडे बघून म्हणाले, “आज अष्टमी मां? मगे सहाक भरती झाली आसतली. भांगाचा पाणी.” त्यांनी मोबाइल पाहिला नव्हता, पंचांग उघडलं नव्हतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीची पाऊणपट सहा. चतुर्थीला तीन, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, बंदरागणिक थोडा मागेपुढे होतो, पण पिढ्यान्‌पिढ्या होड्या त्यावर सुटल्या आहेत.

सरांनी त्या काकांनाच पुढे बोलावलं आणि हा हिशेब सगळ्यांना सांगायला लावला. मग त्यामागचं कारण सांगितलं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण. अष्टमीला ते एकमेकांशी काटकोनात असतात, दोघांची ओढ एकमेकींना कापते, म्हणून भांग. अर्धा उजळलेला चंद्र हीच त्या काटकोनाची खूण. काकांनी मान डोलावली आणि चंद्राकडे पुन्हा एकदा बघितलं. मला वाटतं, किनाऱ्यावरच्या आकाशदर्शनाची सुरुवात इथूनच व्हायला हवी. इथल्या माणसाला आकाश नवं नाही. त्याला समुद्रातून, पावसातून, पंचांगातून त्याची ओळख आहे. दुर्बिणीजवळ उभ्या राहणाऱ्याने ती ओळख आधी ऐकून घ्यावी आणि मग बोलावं.

दुर्बिणीपाशी रांग लावण्यातही शास्त्र आहे. शंभर माणसं आणि प्रत्येकी एक मिनिट म्हटलं तर एकच गोष्ट दाखवायला एक तास चाळीस मिनिटं जातात. म्हणून काही ठिकाणी रांग पळवतात. डोळा लावला, दिसलं, पुढे. मला हे पटत नाही. नवख्या माणसाचे पहिले दहा-पंधरा सेकंद डोळा नेमका कुठे ठेवायचा हे समजण्यातच जातात. पापणी फडफडते, श्वासाने काच धुरकटते, डोकं हलतं. त्यानंतर चित्र दिसतं. आणि खरं बघणं सुरू होतं ते त्याच्याही नंतर, जेव्हा माणूस गप्प होतो. त्यामुळे एका रात्री सहा गोष्टी दाखवण्यापेक्षा दोनच दाखवाव्यात आणि माणसाला आयपीसवर थांबू द्यावं, या मताची मी झाले आहे.

पृथ्वीही थांबत नाही. ती तासाला पंधरा अंश वळते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. 120 पटींवर दुर्बिणीत दिसणारा आकाशाचा तुकडा अर्ध्या अंशाहूनही लहान असतो. मधोमध आणून ठेवलेला ग्रह मिनिटाभरात काठाला जातो. आमच्या दुर्बिणीला मोटर नाही, त्यामुळे दर माणसामागे डोळा लावून, नळीला बोटाने हलका धक्का देऊन ग्रह परत मध्ये आणावा लागतो. मुलांना मी हे मुद्दाम दाखवते. हात न लावता बघ, तो सरकतोय का? सरकतोय. कोण सरकतंय? मग ती विचारात पडतात आणि एखादं मूल हळूच म्हणतं, आपण.

चष्म्याचं सगळ्यांना सांगावं लागतं. जवळचा किंवा लांबचा साधा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, दुर्बीण फोकस करून देता येते. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवा, तो दोष दुर्बिणीला भरून काढता येत नाही. दुसरा डोळा मिटून धरला की चेहरा ताणला जातो, म्हणून दोन्ही उघडे ठेवून एका डोळ्यावर हात धरा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजी-आजोबांना मी विचारून घेते की कुठल्या डोळ्याचं झालंय, आणि तोच डोळा लावायला सांगते. धूसर झालेलं भिंग निघून नवं बसलेलं असतं. त्यांना चंद्र लख्ख दिसतो.

चंद्रावर लोक सर्वांत जास्त रमतात. थिओफिलस नावाचं विवर मी दाखवते, कारण त्याच्या मध्यावर डोंगर उभा आहे. हे विवर सुमारे शंभर किलोमीटर रुंद. म्हणजे इथून सरळ रेषेत कोल्हापूर गाठाल एवढं, असं सांगितलं की “बापरे” येतंच, कारण फोंडाघाट चढून कोल्हापूर किती लांब लागतं ते प्रत्येकाला माहीत असतं. मग मुलं हमखास विचारतात, चांद्रयान कुठे आहे? 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान 3 उतरलं ती शिवशक्ती नावाची जागा दक्षिणेला सुमारे 69 अंश अक्षांशावर आहे. अष्टमीच्या चंद्रावर ती उजळलेल्या अर्ध्या भागात, दक्षिण काठाजवळ येते. यान इतकं लहान आहे की पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून ते दिसणं शक्य नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण या खडबडीत भागाच्या पलीकडे, त्या काठाजवळ ते आहे, असं बोट ठेवून सांगता येतं. मुलांना तेवढं पुरतं. कितीतरी वेळ ती तो काठच बघत राहतात.

शनीचं यंदा वेगळंच होतं. लोक कडी बघायला आले होते. पुस्तकातल्या चित्रात असते तशी ऐटदार, तिरकी, रुंद कडी. आणि 2025 हे असं वर्ष होतं की कडी जवळजवळ दिसेनाशी झाली होती. शनीचा अक्ष कललेला आहे आणि सूर्याभोवती त्याची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. त्या फेरीत दोनदा, म्हणजे साधारण पंधरा वर्षांनी एकदा, कड्यांची नुसती धार आपल्याकडे येते. मार्च 2025 मध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस कडी पुन्हा जवळजवळ धारेवर आली. डिसेंबरात आम्हाला एक अंशाच्या आसपासचा कल मिळाला. कड्यांचा पसारा लाखो किलोमीटरचा, पण जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर. धारेवरून बघितल्यावर ती रेघच दिसणार.

रांगेत बंदराजवळच्या एक आजी होत्या, नातवाचा हात धरून. डोळा लावला आणि म्हणाल्या, “बाय, माका कायच दिसना नाय.”

“आजी, जरा थांबा. डोळा हलवू नका. मधोमध पिवळा ठिपका दिसतो?”

“ठिपको दिसता.”

“त्याच्यातून आडवं काही गेलंय का बघा.”

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मागची रांग कुजबुजायला लागली होती, मी हाताने थांबा म्हणून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “होय गो बाय! लिंबाक काडी टोचल्यासारखी.”

त्या रात्री शनीचं यापेक्षा नेमकं वर्णन कुणी केलं नाही. मी पुढच्या प्रत्येकाला तेच सांगत गेले, आणि ‘कडी कुठाय’ म्हणून विचारणाऱ्यांना रेघ पटकन सापडायला लागली. सरांनी पुठ्ठ्याची एक चकती करून आणली होती, मधे चेंडू बसवलेली. ती तिरकी धरायची, मग हळूहळू आडवी करत डोळ्यांच्या पातळीत आणायची. चकती नाहीशी होते, धार उरते. 1612 मध्ये गॅलिलिओने हेच पाहिलं होतं. त्याआधी त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटल्यासारखं दिसलं होतं, आणि एके दिवशी ते गायब झालं. त्याला त्याचा उलगडा झाला नाही. ही कडी आहे आणि ती धारेवर आली की दिसत नाही, हे डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने 1659 मध्ये छापून सांगितलं. आपण जे बघतोय त्याने गॅलिलिओला कोड्यात टाकलं होतं, असं ऐकल्यावर निराश होऊन निघालेली माणसं पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. रुंद कडी काय, 2032 च्या सुमारास परत दिसेलच. ही धार पुन्हा बघायला 2038-39 पर्यंत थांबावं लागेल.

रात्री नऊच्या पुढे गुरू पूर्वेला चांगला वर आला. त्याचे चार चंद्र एका ओळीत होते. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये पाहिले ते हेच. पण तोवर आमची बरीच माणसं शेवटच्या एसटीच्या काळजीने निघाली होती. गुरूला निवांत वेळ मिळाला तो मागे राहिलेल्या थोड्यांना.

अमावास्येची रात्र वेगळी. तिला दुर्बीण गाडीत घालून सड्यावर न्यावी लागते, माणसंही मोजकी येतात. 18 जानेवारी 2026, रविवार, पौष अमावास्या. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं कातळ, मैलभर पसरलेलं, मधे गवत आणि कडेला कलमांच्या बागा. येणाऱ्यांना आधीच कळवलेलं असतं: पायात बंद बूट हवेत. कातळावरच्या दगडांखाली फुरसं असतं आणि ते हातभरही लांब नसलं तरी विषारी असतं. अंधारात पाय टाकण्याआधी टॉर्च मारायचा, पण टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने बांधलेला हवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी सवय घालवून टाकतो. लाल उजेड तेवढा त्रास देत नाही. मोबाइल आम्ही पहिल्या अर्ध्या तासात खिशाबाहेर काढू देत नाही.

जवळच्या वाडीच्या तिठ्यावर हायमास्ट दिवा लागला आहे. त्याचा उजेड खाली रस्त्यावर पडतो, तसा वर आकाशातही जातो. गावकऱ्यांशी बोलून तो दोन तासांसाठी बंद ठेवण्याची परवानगी मिळवली. वाडीतलीच मुलं वेळेवर बंद करून, वेळेवर परत लावतात आणि मधल्या वेळात आमच्यात येऊन बसतात. समुद्रावरच्या उजेडाचं मात्र काही करता येत नाही. एलईडीच्या प्रखर दिव्यांवर होणारी मासेमारी केंद्र सरकारने 2017 मध्ये बंद केली, तरी काही रात्री पश्चिमेचं क्षितिज पांढरं फटफटीत दिसतं. पारंपरिक मच्छीमार या दिव्यांविरुद्ध किती वर्षं ओरडतायत. मासळीबरोबर आमचं पश्चिमेचं आकाशही त्यात जातं आणि मला त्याचा मनापासून राग आहे.

त्या रात्री समुद्र काळा होता. ताडपत्र्यांवर सगळे उताणे झोपले. दुर्बिणीला अर्धा तास कुणी हात लावला नाही.

सुरुवात उत्तरेकडून. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. देवगडचा अक्षांश सोळा अंशांच्या थोडा पुढे, म्हणून क्षितिजापासून दीड मूठ वर बघा, तिथे ध्रुव. तो अगदीच खाली दिसतो, सड्यावर आड काही नाही म्हणून दिसतो. गावात कलमांच्या आणि माडांच्या मागे कायम लपलेला. दिल्लीला गेलात तर तो जवळजवळ तीन मुठी वर असेल. पण उत्तरेला आपण गमावतो ते दक्षिणेला मिळवतो. अगस्त्य हा आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. दिल्लीहून तो क्षितिजाला घासून जातो. आमच्या सड्यावरून तो दोन मुठींहून जास्त वर चढतो. साडेआठला तो दक्षिण-आग्नेयेला मुठीभर उंचीवर होता आणि हवेच्या जाड थरातून बघत असल्याने लुकलुकत होता. त्याच्या बऱ्याच वर व्याध, आणि व्याधाच्या वर मृग.

मृग म्हटल्यावर वाडीतले एक शेतकरी काका उठून बसले. “मिरग? मिरग तर जूनात लागता. जानेवारीत खंयसून इलो?”

या प्रश्नाची मी वाट बघत होते, कारण माझ्या वर्गातली मुलंही हाच विचारतात. कोकणात नक्षत्रं तोंडपाठ असतात. रोहिणी, मृग, आर्द्रा, मग तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू, म्हातारा पाऊस म्हणजे पुष्य. कोणत्या नक्षत्राला तरवा टाकायचा, कोणत्याला लावणी, कोणत्याचं वाहन बेडूक आणि कोणत्याचं कोल्हा, सगळं माहीत. आणि यातलं एकही नक्षत्र त्या-त्या दिवसांत आकाशात दिसत नाही, कारण सूर्य स्वतःच तिथे बसलेला असतो. 7-8 जूनला मृग लागतं म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात येतो. ते नक्षत्र सूर्याबरोबर उगवतं, सूर्याबरोबर मावळतं. सूर्याची वर्षाची फेरी सत्तावीस नक्षत्रांत वाटली की एकेकाच्या वाट्याला तेरा-चौदा दिवस येतात, पंचांगातल्या पाऊस-नक्षत्रांचे दिवसही तेवढेच. जानेवारीपर्यंत सूर्य फिरून आकाशाच्या पलीकडच्या बाजूला गेलेला असतो आणि मृग रात्री डोक्यावर येतं.

काकांनी मृगाचे चार पाय, पोटातला तीन ताऱ्यांचा बाण आणि खाली व्याध हे सगळं माझ्याकडून दोनदा दाखवून घेतलं. मग त्यांनी स्वतः रोहिणी कुठे विचारली, ती मृगाच्या वर-पश्चिमेला तांबूस तारा म्हणून सापडली. मग पुनर्वसू, पूर्वेला, शेजारी झगझगीत गुरू. “म्हंजे पावसाचो सगळो रस्तो हय उभो आसा,” ते म्हणाले आणि हाताने रोहिणीपासून पूर्वेच्या क्षितिजापर्यंत एक रेघ ओढली. सूर्याची वाट त्यांनी बरोबर आखली होती.

दुर्बीण लावली ती मृगाच्या बाणाखालच्या अंधुक ठिपक्यावर. नुसत्या डोळ्यांना तो धूसर तारा वाटतो. 48 पटींवर तो पंख पसरल्यासारखा राखाडी ढग होतो आणि मधे चार लहान तारे एकमेकांना बिलगून दिसतात. सरळ त्याच्यावर नजर रोखली तर कडा विरतात. नजर किंचित बाजूला ठेवली की ढग मोठा होतो, कारण डोळ्यातला अंधारात काम करणारा भाग मध्यावर नाही, बाजूला आहे. ही युक्ती प्रत्येकाला रांगेतच शिकवून ठेवावी लागते. रंग दिसत नाही, फोटोतला लाल-गुलाबी तर नाहीच, आणि हे आधी सांगितलेलं बरं. पण तो ढग म्हणजे तारे जन्माला येण्याची जागा आहे, सुमारे तेराशे प्रकाशवर्षं लांब. तिथून हा उजेड निघाला तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. वायव्येला देवयानीची आकाशगंगाही पाहिली. तिचा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा, माणूस अजून माणूस व्हायचा होता तेव्हाचा.

सड्यावर बसलं की विजयदुर्गाचा विषय निघतोच, कारण तो आमच्याच तालुक्यात आहे. 18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरला आणि विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणमकडे गेला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी तिथूनच हेलियमचा शोध लावला असं सांगतात. सर ही गोष्ट प्रेमाने सांगतात, पण नोंदींप्रमाणे दुरुस्त करून सांगतात. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. गुंटूरहून फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ग्रहण पाहिलं, आणि लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या वर्णपटात हेलियमची, तेव्हा अनोळखी असलेली पिवळी रेघ टिपली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला 1895 मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांच्या प्रयोगशाळेत. मला वाटतं, यामुळे विजयदुर्गाचं महत्त्व कमी होत नाही. ज्या ग्रहणाने हा शोध सुरू झाला त्याची सावली भर श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावरून गेली, हे पुरेसं मोठं आहे. मुलांना खरी गोष्टच सांगावी.

रात्री दहानंतर दव सुरू झालं. समुद्राजवळच्या हिवाळ्यात हे टळत नाही. दुर्बिणीच्या नळीवर थेंब जमायला लागतात, आयपीस धुरकटतात. वापरात नसलेलं आयपीस खिशात ठेवायचं, अंगाच्या उबेने ते कोरडं राहतं. काच कधी पदराने किंवा रुमालाने पुसायची नाही. इथल्या वाऱ्यात मीठ असतं, मिठाचा कण काचेवर घासला की चरा पडलाच. आरशावरचा ॲल्युमिनियमचा लेप तर याहून नाजूक. तो वर्षातून एकदा, ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात आणि नुसता उभा करून निथळू देतात.

पावसाळ्यात दुर्बिणीची खरी काळजी घ्यावी लागते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ती कपाटात असते आणि कपाटात चाळीस वॉटचा पिवळा बल्ब रात्रंदिवस जळतो, नाहीतर काचांवर बुरशीची जाळी धरते. सिलिका जेलच्या पुरचुंड्या सोबत असतात. निळे खडे ओल पिऊन गुलाबी झाले की कढईत भाजून पुन्हा निळे करायचे. हे भाजण्याचं काम येत्या पावसाळ्यापासून माझ्याकडे आलं आहे.

आता मे. चाकरमानी गावी येतात, घरं भरलेली असतात, मुलांना सुट्टी. आंब्याची पाठवणी चाललेली असते, बागेतली माणसं दिवसभर दमतात, पण रात्री येतात. 16 मे 2026 ला शनिवार आणि अमावास्या एकत्र येतायत. त्या दिवसांत हवेत बाष्प असतं, जानेवारीसारखं काळंभोर आकाश मिळत नाही. तरी त्या रात्री नऊच्या सुमारास त्रिशंकू बरोबर दक्षिणेवर उभा असेल, क्षितिजापासून मूठ-दीड मूठ वर, त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक. मित्र हा नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांत सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, चार प्रकाशवर्षांच्या थोडा पुढे. उत्तर भारतात राहणाऱ्याला हे तारे कधी नीट दिसत नाहीत. मुंबईहून येणाऱ्यांना सांगून ठेवा: नाव आठवडाभर आधी द्या, पायात बंद बूट घाला, टॉर्चला लाल कागद बांधून आणा. आणि घरात कुणी जुनं माणूस असेल, ज्याला पाऊस-नक्षत्रं पाठ आहेत, तर त्यांना बरोबर आणा. त्यांच्यासाठी खुर्ची आम्ही ठेवतो आणि दुर्बिणीपाशी पहिला नंबर त्यांचा.